उजव्या बाजूचा ब्रॅकेट

शनिवार, २२ नोव्हेंबर. आजचं काम: विश्रांतवाडीच्या तुझ्या सोसायटीतली नऊ नंबरची पार्किंगची जागा रिकामी करणे.

शिरीष, सोमवारी सकाळी तिथे खणायला सुरुवात होणार आहे. पाण्याची नवी टाकी. नोटीस तू असतानाच लागली होती, तुझ्या बायकोने, मेधाने, मला ती परवा दाखवली. बाकी सगळ्यांनी गाड्या हलवल्या. मोकळ्या पार्किंगमध्ये बाबांची निळी गाडी एकटीच उभी आहे, बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. उद्या दहा वाजता भंगारवाला ट्रक घेऊन येणार आहे. त्याला मेधाने बोलावलं, आणि मी तिला बोल लावत नाही. ती म्हणाली, "ताई, मी रोज त्या गाडीशेजारून ऑफिसला जाते. मला आता ते नकोय. उद्या दहापर्यंत तुम्हाला काही करता आलं तर करा. नाहीतर जाऊ दे." तुझी फाइल आणि किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. किल्ली कशाला दिली कोण जाणे, गाडी काही तिने सुरू होणार नाही.

गाडी का हलत नाही ते तुला सांगायला नको, पण लिहिते, कारण तुझ्या बँकेच्या अंकात हे वाचणाऱ्या बाकीच्यांना ते माहीत नाही. जुनं इंजिन आपण काढलं. नवं, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेलं, त्याच कंपनीचं पण मोठं इंजिन आत उतरवलं. ते चार ठिकाणी गाडीला धरलेलं असावं लागतं. तीन ठिकाणी बोल्ट बसले. चौथ्या ठिकाणी, उजवीकडे, इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये मोकळी जागा आहे, कारण गाडीतली जागा जुन्या, छोट्या इंजिनाच्या मापाने केलेली आहे आणि या इंजिनाचा बोल्ट तिथपर्यंत पोचत नाही. ती जागा जोडणारा लोखंडी ब्रॅकेट बनवून घ्यायचा होता. तो बनलेला नाही. म्हणून उजव्या बाजूने इंजिन एका जॅकवर आणि लाकडाच्या ठोकळ्यावर टेकलेलं आहे. जॅक काढून गाडी ओढली तर इंजिन कलंडेल आणि रेडिएटरसकट सगळं फोडून ठेवेल. भंगारवाल्याला त्याचं काही नाही. मला आहे.

तू कसा गेलास, कुठे, किती वाजता, हे मी लिहिणार नाही. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्यात ते सगळं होतं. तू तेवढाच नव्हतास. एक मात्र कबूल करते. तू गेलास हे वाक्य मी अजून कोणालाही तोंडाने सांगितलेलं नाही. फोन सगळे माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, केले. आमच्या ऑफिसात त्यानेच कळवलं. समोर आलेल्या माणसांना आधीच माहीत होतं, त्यामुळे माझ्यावर वेळ आली नाही. तेराव्याला मी जेवणाच्या पानांकडे बघत होते, तेव्हाही नाही.

तर फाइल. चौदा महिन्यांची फाइल आणि गाडीला प्रत्यक्ष हात लावलेले दिवस अकरा. तू बँकेतला, मी पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात. दोघांनाही कागदावर काम झालं की काम झाल्यासारखं वाटतं. तू पहिल्यांदा आलेख-कागद घेऊन नारायण पेठेत आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलास तेव्हा चहा गार झाला होता. इंजिन, वायरिंग, रेडिएटरचे पाइप, सायलेन्सर, तेल, इंजिन उचलायच्या चेन-पुलीचं भाडं, आरटीओ. मी बेरीज बघितली आणि म्हटलं, एवढ्यात चालती सेकंडहँड गाडी येते.

"चालती गाडी घेतली तर मी रविवारी काय करू?" तू म्हणालास.

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे तू लिहिलं होतंस: अज्ञात, तीस दिवस. मी म्हटलं, आमच्याकडे कोणी असं लिहून पाठवलं तर मी फाइल परत पाठवते. त्या तीस दिवसांना नाव दे. तू म्हणालास, नाव माहीत असतं तर अज्ञात कशाला लिहिलं असतं. चाळीस मिनिटं आपण त्यावर वाद घातला. प्रकाश आत जाऊन झोपला. पुढच्या रविवारी तू स्वच्छ प्रत आणलीस, त्यात "इतर तांत्रिक बाबी, तीस दिवस" असं होतं. मी मान डोलावली. मला वाटलं, मी जिंकले.

मग माझी ती पद्धत. तीन कोटेशन्स. आठ हजारांचा नळ असो की आठ लाखांचं यंत्र, तीन ठिकाणचे भाव कागदावर आल्याशिवाय मी सही करत नाही. सव्वीस वर्षांत मला कोणी फसवलेलं नाही. तू इंजिन शोधायला लागलास तेव्हा मी तीच अट घातली, आणि तू ती मानलीस. का मानलीस? पैसे तुझे, गाडी तुझी, रविवार तुझे. मी विचारलं नाही, कारण मला ते स्वाभाविक वाटलं. लहानपणापासून तू पतंगाचा मांजासुद्धा मला दाखवून घ्यायचास.

पहिलं इंजिन मांजरी गावच्या धनाजीने सुचवलं होतं. धनाजी ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो, वेल्डिंगचा पक्का. त्याच्या ओळखीच्या माणसाकडे आपल्याच मॉडेलची, मागून चेपलेली गाडी होती. इंजिन उत्तम, कागद उत्तम, जसंच्या तसं चारही बोल्टांवर बसलं असतं. मी म्हटलं, अजून दोन बघ. दुसऱ्या ठिकाणी इंजिनावरचा नंबर घासलेला निघाला. माझ्यामुळे चोरीचा माल घरात आला नाही, हे तू स्वतः म्हणाला होतास, ते मी विसरलेले नाही. पण तिसरा भाव येईपर्यंत धनाजीवालं इंजिन विकलं गेलं. मग आपण हे मोठं घेतलं. कागद स्वच्छ, परवानगीसाठी आरटीओत चार खेपा मी घातल्या, सगळं रीतसर. फक्त ते बसत नव्हतं.

इंजिन उतरवलं तो रविवार आठवतो? मी चेन-पुलीची साखळी सोडतेय, एकेक कडी, आणि तू दोन लोखंडांच्या मध्ये बोटं घालून बघतोयस. मी ओरडले, हात काढ. तू काढला नाहीस. मी साखळी धरून उभी राहिले, हाताला रग लागली तरी, कारण तू "अजून" म्हणेपर्यंत सोडायची नव्हती. डावा बोल्ट बसला. मागचा बसला. गिअरबॉक्सचा बसला. उजवीकडे तू टॉर्च मारलास आणि मधल्या मोकळ्या जागेत बोट फिरवलंस. मी म्हटलं, म्हणजे तुझं ड्रॉइंग चुकलं. तू खाली फरशीवर बसलास आणि हसायला लागलास. मी हसले नाही. आज वाटतं, दोन मिनिटं हसायला हरकत नव्हती.

त्यानंतर भाऊबीज. मी ओवाळलं, तू साडी दिलीस, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी विचारलं, खोकं कुठंय? दुकानदाराने दिलं नाही का? तू म्हणालास, दिलं, पण पुठ्ठा चांगला आहे, वाकत नाही, ब्रॅकेटचा साचा त्याचाच कापतो. मेधा म्हणाली, बघा ताई, तुम्हाला साडी आणि गाडीला खोकं, म्हणजे मान कुणाला जास्त ते कळलं. साडी अजून वर्तमानपत्रातच आहे.

तीन दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, तुझा मेसेज आला. धनाजीकडच्या साच्याचा फोटो, खाली त्याने सांगितलेला भाव आणि तुझा प्रश्न: हो म्हणू?

मी लिहिलं: आधी अजून दोन ठिकाणी विचार.

तू लिहिलंस: बरं.

आपलं शेवटचं बोलणं हेच. इतके दिवस मी ते उघडलं नव्हतं. आज तारीख बघायला उघडावं लागलं.

आणि आज दुपारी फाइलच्या तळाशी तो पहिला आलेख-कागद सापडला, चहाचा डाग पडलेला. शेवटच्या ओळीत "अज्ञात" खोडलेलं आहे. वर पेन्सिलने लिहिलंय, "ताई". पुढे तीस दिवस तसेच. म्हणजे स्वच्छ प्रत माझ्यासाठी होती, हा कागद तुझ्यासाठी.

आधी राग आला. चांगलाच. मग मी कागदाची मागची बाजू बघितली. तिथे तू खर्ची पडलेले दिवस मांडत गेला होतास. इंजिन, सोळा. रेडिएटर, सहा. चेन-पुलीचं भाडं, चार. हो, चेन-पुलीच्या भाड्यालाही मी तीन भाव मागितले होते. बेरीज सव्वीस. तीसमधले चार शिल्लक होते.

२६ ऑक्टोबरनंतर तू चारच दिवस होतास.

यावर मी काही लिहीत नाही. तू मला कधीच बोलला नाहीस, यावर लिहिते. एकदा तरी म्हणायचंस, ताई, तुझ्यापायी उशीर होतोय. मी भांडले असते, तू भांडला असतास, भांडण आपल्याला जमतं. त्याऐवजी तू मला गृहीत धरून वेळापत्रक आखलंस. हा मोठेपणा आहे की खवचटपणा, हे मला आज संध्याकाळपर्यंत ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही. आपल्या घरात ते वेगळे कधी होते?

साडेतीनला मी धनाजीला फोन लावला. पाठीमागे ग्राइंडर चालू होता. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, साचा हाय माझ्याकडं, प्लेटबी काढून ठेवलीया, पन सायेब म्हनले व्हते, ताईंचं हो आल्याबिगर कापू नका. आता हंगाम सुरू झालाय, तीन ट्रॉल्या दारात उभ्या हायेत. मंगळवारी बघतो.

मी म्हटलं, मला उद्या सकाळी हवाय.

"सायेब का न्हाई बोलले? कायम तेच फोन करत्यात."

"ते कामात आहेत," मी म्हटलं.

असं माझ्या तोंडून आलं. धनाजी म्हणाला, मग मंगळवारी त्यास्नीच द्या लावून, आणि ठेवला. माझी चूक होती. जो माणूस कामात आहे, त्याचं काम मंगळवारी केलेलं चालतं. पण परत फोन करून ते दुसरं वाक्य म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी स्कूटर काढली आणि काय केलं असेल? धानोरीत एका फॅब्रिकेटरकडे गेले. तो म्हणाला, साच्याशिवाय हात लावणार नाही. टिंगरेनगरला दुसऱ्याकडे गेले. तो म्हणाला, गाडी इथे आणा, मग माप घेऊ. मी म्हटलं, गाडी आणता आली असती तर ब्रॅकेट कशाला लागला असता? त्याने भाव मात्र सांगितला. पहिल्यानेही सांगितला होता.

म्हणजे संध्याकाळी सहा वाजता माझ्याकडे धनाजी धरून तीन कोटेशन्स झाली होती, आणि ब्रॅकेट नव्हता.

परत येऊन तुझ्या पार्किंगमध्ये थोडा वेळ उभी राहिले. जॅक एक-दोन मिलिमीटर खाली बसलाय असं वाटलं. तू असतास तर म्हणाला असतास, तुला नेहमी एक मिलिमीटर कमीच दिसतो. ठोकळ्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. मेधा गॅलरीतून बघत होती. तिने विचारलं, जमतंय का? मी म्हटलं, माहीत नाही. तिने विचारलं, आणि बसलंच इंजिन, तर चालवणार कोण? मी तेही माहीत नाही म्हटलं. ती आत गेली आणि मला न विचारता चहा घेऊन खाली आली. तेवढा वेळ ती गाडीच्या शेजारी उभी होती. गाडीकडे पाठ करून, पण उभी होती.

आता घरी बसून हे लिहितेय. तुझ्याविषयी चार शब्द लिहा म्हणून बँकेतल्या तुझ्या सहकाऱ्यांनी सांगितलंय, त्यांच्या अंकासाठी. त्यांना हसतमुख, मनमिळाऊ वगैरे हवं असेल. ते लिहिणारे दुसरे मिळतील. मला एवढंच म्हणायचंय की २६ तारखेला मी हो म्हणायला हवं होतं. त्याने तू वाचला नसतास, हे मला कळतं. पण ब्रॅकेट बसला असता, आणि तू ते बघितलं असतंस.

रविवार. सकाळचं लिहून ठेवते.

सव्वासहाला मी मांजरीत होते. धनाजी शेडमध्ये ट्रॉलीच्या आसाखाली होता, आणि ट्रॉलीचा ड्रायव्हर घाई करत बाजूला उभा होता. साखर कारखान्यावर त्याचा नंबर लागलेला होता. धनाजी मला बघून म्हणाला, ताई, मंगळवार म्हनलं व्हतं. ड्रायव्हर म्हणाला, ओ मॅडम, आधी आमचं होऊ द्या.

मी हेल्मेट काढलं.

"माझा भाऊ गेला," मी म्हटलं. "चोवीस दिवस झाले. त्याचं एवढं एक काम माझ्यामुळे अडलंय, आणि ते आज दहाच्या आत झालं तरच होईल."

धनाजी आसाखालून बाहेर आला. "काल तर म्हनला, कामात हायेत."

"खोटं बोलले."

त्याने हात पुसले आणि मागच्या फळीवरून साचा काढला. माझ्या साडीच्या खोक्यावरचं दुकानाचं नाव अर्धं कापलेलं, आणि त्यावर तुझ्या अक्षरात: ही बाजू गाडीच्या नाकाकडे. ड्रायव्हरने ट्रॅक्टर सुरू करून ट्रॉली स्वतःच पुढे घेतली, शेडमध्ये उजेड यावा म्हणून.

अडीच तास लागले. प्लेट कापताना धनाजीने भाव सांगितला. तुझ्या मेसेजमधल्यापेक्षा थोडा जास्त होता. मी हो म्हटलं. गाडी आणून ठेवायला कोपरा देता का, हेही विचारलं. तो म्हणाला, सायलेन्सरच्या कामाला सायबांनी आधीच सांगून ठेवलाय, तिथंच लावा. ब्रॅकेट अजून गरम होता, म्हणून गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि मुंढव्याच्या पुलावरून निघाले.

विश्रांतवाडीला पोहोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि ट्रक आधीच आला होता. ट्रकवाला म्हणाला, मॅडम, लवकर करा, मला अजून दोन उचलायच्यात. मी तुझी पान्यांची पेटी उघडली. ब्रॅकेटचे चारपैकी तीन बोल्ट बसले. चौथ्याचं भोक दोन मिलिमीटर बाजूला होतं. मी ब्रॅकेट परत काढला, पार्किंगच्या कट्ट्यावर धरला आणि कानशीने भोक वाढवायला बसले. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा देणार, एवढ्यात मेधा खाली आली आणि त्याला म्हणाली, वाजवू नका, त्यांचं काम चालू आहे. मग ती माझ्यासमोर बसली आणि ब्रॅकेटचं दुसरं टोक घट्ट धरलं. तिला ग्रीस लागलं.

चौथा बोल्ट गेला. मी सगळे पुन्हा एकदा आवळले. जॅकचा दांडा हळूहळू सोडला. इंजिन किंचित खाली आलं, ब्रॅकेटवर टेकलं आणि थांबलं. मी ठोकळा काढून बाजूला ठेवला. हलवून बघितलं. हललं नाही.

ट्रकवाला दोर घेऊन पुढे आला आणि म्हणाला, चला, आता भंगारात घेऊ ना?

मी म्हटलं, नाही, मांजरीला.

त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिथपर्यंतचं भाडं सांगितलं. वर म्हणाला, "बाहेर चौकशी करून बघा मॅडम, याच्यापेक्षा कमी कोणी सांगणार नाही."

"चौकशी नको," मी म्हटलं. "चढवा."